जुनी गाडी, नवा भुर्दंड

मध्यमवर्गीय कुटुंबाची पहिली मोटार पुष्कळदा जुनीच असते. मधल्या दलालाचे पैसे वाचावेत म्हणून ती थेट मालकाकडून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. ‘एकहाती वापरलेली’, ‘डॉक्टरांची गाडी’ असे शब्द कानी पडले की अर्धा व्यवहार तेथेच ठरतो. मात्र अशा खरेदीत फसगत झाल्यास कायदा कितपत पाठीशी उभा राहतो, याचा विचार सहसा होत नाही.

१९३०च्या वस्तू विक्री कायद्याचे १६वे कलम ‘घेणाऱ्याने सावध राहावे’ या तत्त्वावर उभे आहे. माल विक्रीयोग्य असल्याची गर्भित हमी त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून मिळते. स्वतःची मोटार विकणाऱ्या गृहस्थाकडून नव्हे. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या व्यावसायिक विक्रेत्यांसाठी अधिकृतता प्रमाणपत्राची चौकट आली. तीही दोन व्यक्तींमधील व्यवहाराला लागू नाही. दोष मुद्दाम झाकला असेल तर दाद मागता येते, पण तो सिद्ध करण्याचा भार खरेदीदारावर. शिवाय, विक्रेत्याने नुसते मौन पाळले असेल आणि साध्या दक्षतेने सत्य कळण्याजोगे असेल, तर १८७२च्या करार कायद्याचे १९वे कलम करार रद्द करू देत नाही. तपासणी टाळणारा ग्राहक आपली बाजू स्वतःच लंगडी करतो, ती अशी.

कागदपत्रांवर विसंबणेही पुरेसे नाही. पीयूसी फक्त धूर मोजते, विम्यातील गाडीचे मूल्य मुख्यतः वयावर ठरते आणि आरटीओतील हस्तांतर मालकीचे असते, प्रकृतीचे नव्हे. कर्जाचा बोजा व थकीत चलने ऑनलाइन कळतात. इंजिनाची अवस्था कळत नाही.

ती कळते आपण निवडलेल्या मेकॅनिकला. इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करून पाहावी. निळसर धूर तेल जळत असल्याची खूण असते. स्कॅनर लावल्यास नुकत्याच पुसलेल्या बिघाडांचा माग लागू शकतो. मीटर मागे फिरवता येते, म्हणून सर्व्हिसिंगच्या नोंदी आणि पेडलची झीज यांच्याशी किलोमीटर ताडून पाहावेत. दारांचे रबर काढून वेल्डिंग पाहिले की अपघाताचा अंदाज येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत असंख्य मोटारी पाण्यात गेल्या. बुडालेली गाडी धुऊन चकचकीत करता येते. वायरिंगमधला गंज मात्र काही महिन्यांनी डोके वर काढतो. गालिच्याखालचा चिखल आणि पूर्ण ओढलेल्या सीट बेल्टवरचे डाग म्हणूनच महत्त्वाचे.

ही तपासणी इसार देण्यापूर्वी व्हावी. एकदा पैसे गुंतले की दोष दिसूनही मन त्याकडे काणाडोळा करते. मालक गाडी गॅरेजमध्ये नेऊ देण्यास तयार नसेल, तर तो नकारच पुरेसा बोलका मानावा. तपासणीचा खर्च गाडीच्या किमतीपुढे नगण्य असतो. तो वाचवण्याची किंमत मात्र पुढे वर्षानुवर्षे मोजावी लागते.