कारखान्याच्या दारापर्यंतचा हिरवेपणा

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले आणि ऑगस्टमध्ये ‘हरित’ कशास म्हणावे तेही ठरवून टाकले: एक किलो हायड्रोजनमागे दोन किलोपेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जाता कामा नये. हा हिशेब पाण्याच्या शुद्धीकरणापासून सुरू होतो आणि वायू दाबून भरला की कारखान्याच्या दाराशी संपतो. पुढे तो साठवायचा कशात, आणि साठवणीचे साहित्य कोणाच्या विहिरीशेजारी तयार व्हायचे, हे प्रश्न व्याख्येत बसत नाहीत. भांडवलदारांच्या सोयीच्या व्याख्या अशाच वेळेवर संपतात.

हायड्रोजन अत्यंत हलका. तो ७०० बार दाबाखाली कोंडणे किंवा उणे २५३ अंशांवर द्रवरूप करणे, दोन्ही खर्चिक. म्हणून सच्छिद्र कोळशाचा शोध चालू आहे. करवंटी, उसाचे चिपाड, भाताचे तूस यांपासून केलेल्या अशा एक ग्रॅम कोळशात दोन-तीन हजार चौरस मीटर पृष्ठभाग सामावतो आणि वायू त्याला चिकटून राहतो. ‘शेतातल्या कचऱ्यातून स्वच्छ इंधन’ ही घोषणा येथूनच निघते. परंतु ती छिद्रे फुकट पडत नाहीत. प्रचलित रीतीत कोळशात त्याच्या दुप्पट ते चौपट कॉस्टिक पोटॅश मिसळून तो ७००-८०० अंशांवर भाजतात, मग आम्लाने आणि भरपूर पाण्याने धुतात. ते धुवण जाणार कोठे? शिवाय नेहमीच्या तापमानात हा कोळसा वजनाच्या जेमतेम एक टक्का वायू धरतो. पाच टक्क्यांसाठी उणे १९६ अंशांची थंडी पुरवावी लागते. घोषणेत तिचा उल्लेख नसतो.

निर्मळ रीती नाहीत असे नव्हे. वाफेने छिद्रे पाडता येतात, पोटॅशऐवजी सौम्य पोटॅशियम कार्बोनेट वापरता येते, ओला पाला बंद भांड्यात २०० अंशांच्या आसपास पाण्यातच कोळशासारखा करता येतो, धुवणातला क्षार परत मिळवता येतो. त्यात कोठे छिद्रे कमी पडतात, कोठे खर्च वाढतो. म्हणूनच संशोधन हवे. आणि १९,७४४ कोटींच्या अभियानात सरकारने संशोधनास दिले ४०० कोटी! विद्युत-विघटनाची यंत्रे आणि हायड्रोजन बनविणाऱ्या कंपन्यांच्या प्रोत्साहनासाठी मात्र १७,४९० कोटी.

‘कचरा’ हा शब्दही तपासून घ्यावा. विदर्भातल्या शेतमजुराच्या घरी पऱ्हाटीवर चूल पेटते, साखर कारखान्यात चिपाडावर बॉयलर चालतो. ज्याला उद्या बाजारभाव येणार, त्याला आज कचरा म्हणणे म्हणजे ते फुकट उचलण्याची पूर्वतयारी होय. सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाच्या हिशेबात कोळसा, क्षार आणि धुवण धरले गेलेच पाहिजे, आणि पऱ्हाटीचा दर काट्यावर, शेतकऱ्यासमोर ठरला पाहिजे. परवाने वाटून झाल्यावर ही मागणी करण्यात अर्थ नाही. ग्रामसभांतून ती आताच उठली पाहिजे.