जीवशास्त्राचे प्रश्न आणि भाषेची जबाबदारी

महाविद्यालयीन जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका हा साहित्याच्या अभ्यासकांच्या दृष्टीस सहसा न पडणारा लेखनप्रकार आहे. ‘पेशीतील अंगके व त्यांची कार्ये लिहा’, ‘सूत्री विभाजन व अर्धसूत्री विभाजन यांतील फरक स्पष्ट करा’, ‘तंतुकणिकेला पेशीचे ऊर्जाकेंद्र का म्हणतात?’, ‘मेंडेलने प्रयोगांसाठी वाटाण्याची निवड का केली?’ या प्रश्नांना ज्ञात असा लेखक नाही, त्यांची शब्दरचना ठरून गेलेली आहे आणि त्यांची परंपरा मौखिक वाङ्मयाइतकी चिवट आहे. एका पिढीने पाठ केलेले उत्तर पुढची पिढी थोड्याफार पाठभेदाने पाठ करते. कोणत्याही समकालीन कादंबरीपेक्षा हे वाक्यप्रबंध अधिक वाचले जातात. असे असूनही त्यांच्या भाषेचा विचार भाषेच्या अभ्यासकांनी क्वचितच केला आहे. या प्रश्नांपाशी विद्यार्थी जेथे अडखळतो तेथील पेच पुष्कळदा जीवशास्त्राचा नसतो, भाषेचा असतो. आणि तो सोडविण्याचे काम एकट्या शास्त्रशिक्षकावर सोपवून भाषाविभागांना मोकळे होता येणार नाही.

प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू पिप्पलादाकडे जातात, तेव्हा तो त्यांना आधी एक वर्ष आपल्याजवळ राहण्यास सांगतो आणि मग मनात येईल ते विचारा असे म्हणतो. तेथे प्रश्न न जाणणाऱ्याचा आहे. परीक्षेत हे नाते उलटते. जो जाणतो तो विचारतो आणि जो पुरते जाणत नाही त्याने उत्तर द्यायचे असते. अशा व्यवस्थेत प्रश्नाचे शब्द हीच विद्यार्थ्याला मिळणारी एकमेव खूण असते. ती खूणच संदिग्ध असेल तर त्याचे अज्ञान कोणते आणि प्रश्नकर्त्याचा निष्काळजीपणा कोणता, हे वेगळे काढणे अशक्य होते.

आरंभ पेशीपासूनच करावा. रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यातील रिकाम्या कप्प्यांना लहान खोली या अर्थाचा शब्द दिला. त्याने पाहिल्या त्या मृत पेशींच्या भिंती होत्या. तरीही खोलीचे रूपक इंग्रजी संज्ञेत कायमचे वस्तीला आले. भारतीय भाषांनी या संज्ञेसाठी निरनिराळ्या वाटा धरल्या. हिंदीने ‘कोशिका’ घेतली, बंगाली व गुजरातीने ‘कोष’ घेतला, तेलुगूने ‘कणम्’ म्हणजे कण घेतला, तर तमिळमध्ये ‘उयिरणु’, म्हणजे जिवाचा अणू, असा शब्द घडला. मराठी विश्वकोशाने ‘कोशिका’ स्वीकारून कंसात ‘पेशी’ दिली. मराठी शाळेत मात्र ‘पेशी’च रुजली. आता सुश्रुताच्या परिभाषेत पेशी म्हणजे मांसपेशी होय, आणि शरीरात त्या पाचशे आहेत अशी त्याची गणना आहे. हिंदी आणि बंगाली या अर्थाशी आजही प्रामाणिक आहेत. मराठीने पेशी हा शब्द अन्यत्र नेल्यामुळे मांसपेशीसाठी ‘स्नायू’ वापरला. तोच ‘स्नायु’ बंगालीत मज्जातंतूचा वाचक आहे. एकाच संस्कृत भांडारातून उचललेले शब्द शेजारच्या प्रांतात निराळ्या अवयवावर जाऊन बसले. संस्कृतोद्भव परिभाषा घेतली म्हणजे सर्व भारतीय भाषांत एकवाक्यता आपोआप येईल, या जुन्या आशेला हे एक उदाहरणच पुरेसे उत्तर आहे.

परिभाषेतील ही विविधता दोषास्पद आहे असे मात्र नव्हे. ‘क्रोमोसोम’ या शब्दाचा मूळ अर्थ रंगीत वस्तू असा आहे. रंगद्रव्य शोषून घेणारे म्हणून वाल्डायर याने १८८८ साली ते नाव दिले. गुजरातीतील ‘रंगसूत्र’ आणि कन्नडमधील ‘वर्णतंतु’ यांनी हा अर्थ सांभाळला. मराठी व हिंदीतील ‘गुणसूत्र’ हा शब्द ती वस्तू कशी दिसते हे सांगत नाही, काय करते हे सांगतो. विद्यार्थ्याला दोन्ही नावे शेजारी ठेवून दाखविली तर एका नावातून सूक्ष्मदर्शकाचा इतिहास आणि दुसऱ्यातून आनुवंशिकतेचा सिद्धांत त्याच्या हाती येईल. परंतु प्रश्नपत्रिका असा प्रश्न विचारत नाही. ती ‘गुणसूत्र म्हणजे काय?’ एवढेच विचारते आणि दोन ओळींच्या व्याख्येवर संतुष्ट होते.

शिवाय पारिभाषिक शब्द कोऱ्या मनावर पडत नाही. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण मराठी विद्यार्थ्याच्या कानावर केव्हाच पडलेली असते. या म्हणीत वाण म्हणजे रंग, जो जन्माबरोबर येतो. आणि गुण म्हणजे संगतीने लागणारी सवय. गुणसूत्राच्या सिद्धांतात गुण जन्माबरोबर येतो. लोकभाषेने आनुवंशिक आणि अर्जित यांत केलेला भेद विज्ञानाला हवा तोच आहे, पण शब्दांची वाटणी नेमकी उलटी आहे. एखाद्या शिक्षकाने ही म्हण फळ्यावर लिहून तिची आनुवंशिकतेच्या भाषेत मांडणी करावयास सांगितली, तर अर्जित गुणांचा वारसा मिळत नाही हे तत्त्व कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक खोल रुजेल. ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाला अभिप्रेत असलेला विचार म्हणीत आधीच वावरत आहे. तो हेरण्यास भाषेचा कान असावा लागतो.

प्रश्नपत्रिकेतील रूपकांचे प्रकरण याहून गंभीर आहे. तंतुकणिकेला ऊर्जाकेंद्र म्हणण्याचा प्रघात फिलिप सिकेव्हिट्झ यांच्या १९५७ सालच्या एका लेखाने लोकप्रिय केला. रूपक समर्पक होते, पण रूपकच होते. ‘का म्हणतात?’ या प्रश्नावर बहुसंख्य उत्तरपत्रिकांतून एकच वाक्य येते: ‘कारण तेथे ऊर्जा निर्माण होते.’ ऊर्जा निर्माण होत नसते. कोयनेचे केंद्रही ऊर्जा निर्माण करीत नाही, पडणाऱ्या पाण्याच्या ऊर्जेचे विजेत रूपांतर करते. त्याचप्रमाणे तंतुकणिकेत अन्नातील रासायनिक ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात आणली जाते. काव्यशास्त्राच्या तासाला उपमेय आणि उपमान यांतील साधर्म्याइतकेच वैधर्म्यही शोधावयास शिकवितात. जीवशास्त्राच्या प्रश्नात ‘हे रूपक कोठवर लागू पडते आणि कोठे तुटते?’ एवढी भर घातली, तर पाठांतराचा प्रश्न विचाराचा होईल.

आनुवंशिकतेच्या प्रकरणात शब्दाची चूक वर्गाबाहेर जाऊन माणसांच्या आयुष्याला भिडते. मेंडेलला दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. या दोन लक्षणांना मराठीत ‘प्रभावी’ आणि ‘अप्रभावी’ म्हणतात. रोजच्या भाषेत प्रभावी म्हणजे बलवान आणि परिणामकारक. त्यामुळे प्रभावी लक्षण समाजात पसरत जाईल व अप्रभावी नाहीसे होईल, अशी समजूत सहज होते. इंग्रजी शब्दानेही हाच घोटाळा केला होता आणि तो दूर करण्यासाठी हार्डी या गणितज्ञाला १९०८ साली लेखणी उचलावी लागली होती. म्हणजे दोष मराठीचा नाही. शब्दाच्या छायेकडे दुर्लक्ष करण्याच्या सवयीचा आहे.

सिकलसेल या रक्तविकाराचे उदाहरण घ्यावे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढ्या एका बदलातून तो उद्भवतो, आणि पाठ्यपुस्तकांचा तो आवडता प्रश्न आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी समाजात, तो घरोघरच्या चिंतेचा विषय आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे लक्ष्य ठेवले आहे. ज्याच्यात सदोष जनुकाची एकच प्रत आहे त्याला मराठीत ‘वाहक’ म्हणतात. मराठीत एस.टी.च्या गाडीत तिकीट देणारा वाहक असतो, आणि हिवतापाच्या धड्यात डास हा रोगवाहक असतो. तपासणीनंतर ‘तू वाहक आहेस’ असे ऐकणाऱ्या मुलीने आपण स्पर्शाने रोग पसरवितो असे समजले, तर त्या गैरसमजाचे मूळ जीवशास्त्राच्या पुस्तकाच्याच दुसऱ्या पानावर सापडेल. ही संज्ञा बदलावी असे नाही. पण दोन वाहकांतील भेद विचारणारा प्रश्न प्रत्येक परीक्षेत असावयास हवा.

दोन्ही पालक वाहक असल्यास काय होईल, या प्रश्नाचे छापील उत्तर ‘२५ टक्के अपत्ये ग्रस्त’ असे असते आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. वाक्याचा अर्थ मात्र चारांपैकी एक अपत्य ग्रस्त, असा घेतला जातो. पहिले अपत्य ग्रस्त निघाले म्हणजे पुढील तीन निर्धोक, असा निष्कर्ष त्यातून निघू शकतो. खरे वाक्य असे आहे: प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्य ग्रस्त असण्याची शक्यता एक चतुर्थांश आहे, आणि मागील अपत्याचा पुढच्यावर परिणाम नाही. या दोन वाक्यांतील अंतर गणिताचे कमी आणि वाक्यरचनेचे अधिक आहे. ‘प्रत्येक वेळी’ हे दोन शब्द गळाले की सिद्धांत विपरीत होतो.

तोच प्रकार लिंगनिश्चितीच्या प्रश्नाचा. ‘अपत्याच्या लिंगनिश्चितीस माता जबाबदार नसते, कारण द्या’ या प्रश्नाने निरपराध स्त्रीवरील दोषारोप दूर केला, हे त्याचे सामाजिक पुण्य मोठे आहे. परंतु ‘जबाबदार’ हा शब्द कायम ठेवल्याने दोष नाहीसा झाला नाही, मातेकडून पित्याकडे गेला. कोणता शुक्राणू फलनात भाग घेईल हे योगायोगाचे काम आहे. आणि मुलगी जन्मणे हा गुन्हाच नसल्याने त्यास जबाबदार कोणी शोधण्याचे कारण नाही. प्रश्नातील एका शब्दात सबंध समाजाची मूल्यव्यवस्था दडून बसते, हे साहित्यसमीक्षेला नवे नाही.

रूपक नीट हाताळले तर ते केवढे उपकारक ठरते, याचेही उदाहरण याच अभ्यासक्रमात आहे. डीएनएवरून आरएनएची प्रत निघण्याला मराठीत ‘प्रतिलेखन’ आणि त्या प्रतीवरून प्रथिन घडण्याला ‘भाषांतरण’ म्हणतात. आरएनएचेच प्रथिनात रूपांतर होते, अशी विद्यार्थ्यांची चुकीची कल्पना वारंवार आढळते. भाषांतराचा थोडासा अनुभव असलेल्याला ती मोडता येते: भाषांतर झाल्याने मूळ संहिता संपत नाही, ती तशीच राहते आणि तिची आणखीही भाषांतरे होऊ शकतात. हरगोविंद खुराना यांना १९६८ साली ज्या कार्यासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, त्या संकेतलिपीत ६४ त्रिके आहेत; पैकी ६१ वीस अमिनो आम्लांची वाचक व तीन विरामाची. म्हणजे येथे समानार्थी शब्द विपुल आहेत, पण अनेकार्थी शब्द जवळजवळ नाहीत. आणि प्रथिनावरून मूळ संहितेकडे परत जाण्याची सोय पेशीत नाही. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आणि जीवशास्त्राच्या वर्गात एकाच वेळी मांडता येईल असा हा विषय आहे.

यावर असा आक्षेप येईल की उच्च शिक्षण इंग्रजीत होते, तेव्हा देशी शब्दांचा हा विचार कशाला? महाराष्ट्रात मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकतो आणि अकरावीत बहुधा इंग्रजीत ढकलला जातो. तेच प्रश्न तो दुसऱ्यांदा, पुन्हा पाठ करूनच, शिकतो. दुसरीकडे वैद्यकीय प्रवेशाची नीट ही परीक्षा २०२१ पासून तेरा भाषांत होते आणि तिच्यातील १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे असतात. तिच्या नियमानुसार भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठ अंतिम मानला जातो. याची किंमत २०१८ साली दिसून आली. तमिळ प्रश्नपत्रिकेतील ४९ प्रश्नांच्या भाषांतरात चुका असल्याच्या तक्रारीवरून मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने तमिळमधून परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना १९६ गुण देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो रद्द केला. सरसकट गुण देणे योग्य नव्हे, हे मान्य करावे लागेल. पण सदोष वाक्य वाचून ज्याने उत्तर दिले त्याच्या ज्ञानाचे मोजमाप झालेच नाही, हा प्रश्न गुणांच्या हिशेबाने सुटत नाही. भाषांतरित प्रश्नाला स्वतःचा अधिकार नसेल, तर त्या भाषेत परीक्षा दिली ही नुसती उपचाराची गोष्ट ठरते.

२०२४ साली केंद्र शासनाने आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने पाच वर्षांत बावीस भाषांत २२,००० पुस्तके सिद्ध करण्याचा संकल्प जाहीर केला. पुस्तकांची संख्या मोजता येते. त्यांतील प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी येणाऱ्या प्रश्नांची भाषा कोणी तपासायची, हे ठरलेले दिसत नाही. शुद्ध देशी शब्दांचा आग्रह येथे अभिप्रेत नाही. ‘डीएनए’ आणि ‘सिकलसेल’ हे आता मराठीच शब्द आहेत. आग्रह आहे तो वाक्याचा. विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेवर भाषेच्या जाणकाराची नजर फिरावी, प्रश्न भारतीय भाषेत मुळातून रचले जावेत, आणि अशा प्रश्नाचा पाठ इंग्रजीच्या बरोबरीने प्रमाण मानला जावा, एवढ्या तीन गोष्टी विद्यापीठांच्या आवाक्यातील आहेत. जुन्या पोथीतील एका अक्षराच्या पाठभेदावर पाने खर्च करणाऱ्या विभागांनी ‘प्रत्येक वेळी’ हे दोन शब्द गळलेल्या प्रश्नाकडेही तितक्याच निष्ठेने पाहावे. पोथीतील चुकीने एखादा श्लोक बिघडतो. येथील चुकीने एखाद्या घराचा निर्णय बिघडतो.