लाभ, दोन, तीन…

मुंबई-पुण्याची मंडळी लोणावळ्याला चिक्कीसाठी जातात. आम्ही दिवाळीत जायचो ते धाकट्या काकूंच्या इंद्रायणी तांदळासाठी. हे वाण आंबेमोहोर आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्याच संशोधन केंद्रात तयार झाले आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आले.

खळ्यावर काकू पायलीने भात मोजत. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचे नाही, ‘लाभ’ म्हणायचे. लाभ, दोन, तीन… लहानपणी ‘एक’ म्हणून मी धपाटा खाल्लेला आहे.

पुढे शब्दांच्या नादी लागलो, तेव्हा कळले की रोमन लोकही आपल्यासारखेच. लॅटिनमध्ये समृद्धीला ‘ऑप्स’ म्हणतात. त्यांनी तिची देवीच केली. २५ ऑगस्ट आणि १९ डिसेंबर हे तिच्या सणाचे दिवस. तिची प्रार्थना बसून, भुईला हात लावून करायची. आपल्या ऋग्वेदातला ‘अप्नस्’, म्हणजे मालमत्ता, हा या शब्दाचा सख्खा भाऊबंद. ‘ऑप्स’पासूनच ‘कोपिया’, म्हणजे विपुलता, आणि तिच्यापासून इंग्रजी ‘कॉपी’. तेव्हा वाचकहो, परीक्षेत कॉपी करणारे चिरंजीव नकळत समृद्धीचीच उपासना करीत असतात!

पण खरी गंमत पुढेच आहे. लॅटिन ‘ओपुस’ आणि संस्कृत ‘अपस्’ हे शब्दही त्याच घराण्यातले. दोहोंचा अर्थ एकच : काम. म्हणजे धन आणि कष्ट ही एकाच आईची लेकरे.

गेल्या वर्षी चुलतभावाने शेत विकले. तिथे आता बंगल्यांचे फाटक आहे. लक्ष्मीपूजनाला त्याने बँकेचे पासबुक पाटावर ठेवले. काकूंनी शेजारी रिकामी पायली ठेवली आणि मला विचारले, “तू एवढा शब्दांचा जाणकार. सांग, हिच्यात आता काय मोजायचं?”

मला उत्तर सुचले नाही. भावाचेही काही चुकले म्हणवेना. चिखलात राबायला माणूस मिळत नाही आणि मुलांच्या शिक्षणाला पैसा लागतो.

यंदा काकूंनी दुकानातून दहा किलो इंद्रायणी आणवला. स्वयंपाकघरात बसून नातवाच्या हाती पायली दिली. त्याने ती भरली आणि म्हणाला, “एक!”

काकूंनी धपाटा घातला नाही. त्याचा हात धरून पायली पुन्हा रिकामी केली, पुन्हा भरली, आणि हळूच म्हणाल्या, “लाभ म्हण, बाळा.”