काच ती काच नसते, वहिनी



आपण भाजीवाल्याकडे पाच रुपयांच्या कोथिंबिरीवर दोन मिनिटं घालवतो. साडी घेताना पदर उलटून पाहतो, डाळ घेताना दाणा दाताखाली चावून पाहतो. आणि घरच्या पिकअपची पुढची काच फुटली की? फोनवर कोणीतरी एक आकडा सांगतो, घरातलं कोणीतरी तो आकडा यूपीआयने पाठवतं, आणि संध्याकाळी गाडी पुन्हा द्राक्षाच्या पेट्या भरायला उभी. काय बसवलं, कशाने चिकटवलं, कशाचे किती घेतले, कोणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "काच ती काच, स्वस्तातली मिळाली ना?"

या वाक्याशीच माझं भांडण आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या आपल्या बहुतेक घरांत एक तरी बोलेरो पिकअप किंवा छोटा हत्ती असतो. शेतीचा असेल, दुकानाचा असेल, भाड्याने लावलेला असेल. घरखर्चाची वही आपल्याकडे असते, मग या खर्चाचा हिशेबही आपल्याला यायला हवा. माझं म्हणणं असं आहे की आपण नको तिथे पैसे वाचवतो आणि वाचवायच्या जागी हात सैल सोडतो.

आधी काचेचंच बघू. पुढची काच एका तुकड्याची नसते. दोन पातळ काचांच्या मध्ये प्लास्टिकचा चिवट पडदा दाबून ती बनते. तिला लॅमिनेटेड काच म्हणतात. दाराची काच फुटली की साखरेसारखी सांडते. पुढची तडकते, पण पडद्याला धरून राहते. म्हणून आपल्याकडे पुढे लॅमिनेटेड काचच लावायचा नियम आहे. "आत पडदा नसलेली, निम्म्या किमतीत" असं कोणी म्हणालं तर गाडी वळवून घरी आणा.

मग दोन दुकानांत एकाच गाडीच्या काचेचे दोन भाव का? पहिलं कारण शिक्का. गाडी बनवणाऱ्या कंपनीचं नाव असलेली काच शोरूममधून महाग येते. गाडीच्या कंपन्या काच स्वतः ओतत नाहीत, काचेच्या कारखान्याकडून घेतात. एआयएस, सेंट-गोबेन सेक्युरिट ही त्यातली मोठी नावं. सेक्युरिटचा कारखाना तर आपल्या पुण्याजवळ चाकणलाच आहे. हेच कारखाने स्वतःच्या नावाने बाजारातही काच विकतात आणि ती बऱ्याचदा स्वस्त पडते. तेव्हा शोरूमचा शिक्का नसला म्हणून काच वाईट ठरत नाही. इथे भाव करा, खुशाल करा. पण कारखान्याचं नाव, आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा क्रमांक काचेच्या कोपऱ्यात छापलेला दिसलाच पाहिजे. ज्या काचेच्या कोपऱ्यात काहीच नाही, ती फुकट मिळाली तरी नको.

दुसरं कारण मॉडेल. रस्त्यावर भरपूर दिसणाऱ्या गाडीची काच तालुक्याच्या गावी मिळते. जुन्या, बंद झालेल्या किंवा क्वचित दिसणाऱ्या पिकअपची काच बाहेरून मागवावी लागते, आणि वाटेत फुटण्याची जोखीम विकणारा किमतीत धरतो. वरच्या कडेची रंगीत पट्टी, आरशाची पकड, पावसाचा सेन्सर, जे जे काचेला जोडलेलं ते ते भाव वाढवतं. कामाच्या पिकअपला यातलं फारसं नसतं. पण घरात एक्सयूव्ही ७०० सारखी गाडी असेल आणि तिच्या काचेमागे कॅमेरा असेल, तर नवी काच बसल्यावर तो कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. त्याचे पैसे वेगळे लागतात आणि ते द्यावेच लागतात. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लेकी-सुना सांगतात ना, "पिकअपची काच इतकी महाग कशी?" त्यातलं एक मोठं कारण हेच.

आता माझ्या रागाचा खरा विषय. काच बसवणं.

जुन्या गाड्यांत काच रबराच्या चौकटीत अडकवलेली असते. नव्या बहुतेक गाड्यांत ती पेस्टने पत्र्याला चिकटवतात. ही पेस्ट म्हणजे नुसता डिंक नव्हे. अपघातात काच जागेवर राहणं, आतला माणूस बाहेर न फेकला जाणं, डावीकडच्या सीटपुढे एअरबॅग असेल तर ती उघडताना तिला काचेचा आधार मिळणं, हे सगळं त्या चिकटण्यावर असतं. चांगली पेस्ट महाग असते. स्वस्तात करणारा कधी न्हाणीघरात वापरतात तसलं सिलिकॉन भरून मोकळा होतो. वरून दोन्ही सारखंच दिसतं, काळी रेघ.

पेस्ट वाळायलाही वेळ लागतो. किती, ते तिच्या नळीवर लिहिलेलं असतं. काही तासाभरात धरतात, काही जास्त घेतात. थंडीत आणि कोरड्या हवेत आणखी वेळ जातो. पण काचवाल्याला पुढचं गिऱ्हाईक असतं आणि आपल्याला भाडं असतं. "चालवा हो दादा, काही होत नाही." असं म्हणून ओली काच घेऊन हौद्यात दीड टन माल भरून गाडी घाटात निघते. त्या काचेमागे आपला मुलगा बसलेला असतो, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या घरचा मुलगा, जो आपल्याकडे ड्रायव्हर म्हणून पगारावर आहे. "कामाची गाडी आहे, तिला कशाला एवढं?" असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा मोठ्याने म्हणून बघावं, त्याच्या आईसमोर.

जुनी काच कापताना पत्र्यावर सुरी घासली जाते, रंग उडतो. तिथे प्रायमर लावला नाही तर पावसाळ्यात गंज धरतो. खत, मीठ, गुळाच्या ढेपा वाहणाऱ्या गाडीत तर लवकरच. मग पुढच्या वेळी काचेच्या बिलात पत्र्याचं काम येतं. पहिल्यांदा वाचवलेल्या दोनशे रुपयांचं व्याज ते.

हे सगळं विचारायला गेलं की काय होतं, तेही सांगते. एका दुकानदाराने मला तोंडावर सांगितलं, "वहिनी, तुम्ही दादांना पाठवा, तुम्हाला नाही कळायचं." बिल म्हणून हातात दिलेल्या चिठ्ठीवर एकच ओळ होती, "काच फिटिंग", आणि पुढे आकडा. काच कोणाची, पेस्ट कोणती, मजुरी किती, जीएसटी लावला की नाही, काही नाही. कळू नये म्हणूनच लिहिलेली चिठ्ठी होती ती. काच, पेस्ट-प्रायमर, मजुरी आणि घरी येऊन बसवली तर येण्याजाण्याचा खर्च, चार वेगळ्या ओळींत मागा. चार ओळी लिहायला कोणालाच जड जात नाही. जड जात असेल तर का, ते समजून घ्या.

आता विमा. एजंट सांगतो, "काचेचा क्लेम करून टाका, फुकट होईल." फुकट काही होत नसतं. तुमची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर काचेचा एक पैसा मिळणार नाही. पूर्ण पॉलिसी असेल तर काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही, ही चांगली गोष्ट; प्लास्टिक-रबरावर निम्मा कापतात. पॉलिसीत लिहिलेली वजावट मात्र आपल्या खिशातून जाते. आणि नो क्लेम बोनस जातो, ज्याबद्दल एजंट गप्प असतो.

वहीत मांडून बघा. समजा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम १२,००० रुपये आहे आणि तुमचा बोनस ५० टक्क्यांवर पोचला आहे. म्हणजे तुम्ही ६,००० भरता. एक क्लेम केला की बोनस शून्य, पुढच्या वर्षी १२,०००. मग क्रमाने २०, २५, ३५, ४५ टक्के चढत पुन्हा ५० पर्यंत जायचं. प्रीमियम तेवढाच राहतो असं धरलं तर पाच वर्षांत जादा भरणा ६,००० + ३,६०० + ३,००० + १,८०० + ६००, म्हणजे १५,००० रुपये. पाच हजारांच्या काचेसाठी! काच फारच महाग असेल, किंवा बोनस टिकवणारी जोड पॉलिसीत असेल, तर गोष्ट वेगळी. ती जोड आहे का, हे क्लेमच्या आधी विचारायचं.

खरी बचत काच बदलायच्या आधी असते. डंपरच्या चाकाखालून खडी उडून काचेला टिकलीएवढा खड्डा पडला, तर तो रेझिन भरून दुरुस्त होतो आणि खर्च नव्या काचेच्या मानाने किरकोळ असतो. अट एवढीच की खड्डा लहान हवा, ड्रायव्हरच्या थेट नजरेसमोर नको, आणि आत धूळ-पाणी शिरायच्या आत गाडी न्यायला हवी. तोवर वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली मारू नका. टिकलीची चीर तिथेच होते. झिजलेले वायपरही बदला, त्यांचा पत्रा काचेवर ओरखडे काढतो. पण आपल्याकडे टिकली पडली की "बघू नंतर", आणि ती या काठापासून त्या काठापर्यंत गेली की मग स्वस्त काचेची शोधाशोध. फिटनेसची तारीख जवळ असेल तर अडलेला माणूस काय भाव करणार?

आणखी दोन किरकोळ खर्च, जे भावात कोणी सांगत नाही. जुन्या काचेवरचा फास्टॅग काढताना फाटतो, तो बँकेकडून नवा घ्यावा लागतो. नव्या नंबरप्लेटबरोबर काचेला आतून लावलेलं रंगीत स्टिकरही काढलं की खराब होतं, तेही पुन्हा मागवायचं. जुनी काच भंगारात जायच्या आधी तिच्यावरच्या या दोन्हींचे फोटो काढून ठेवा, नंबर लागतात.