फुकटचं नत्र, स्वस्तातलं नत्र

‘हवेत 78 टक्के नत्र आहे, मग शेतात खत घालायचंच कशाला? जीवामृत द्या, बाकीचं जिवाणू बघून घेतील.’ नैसर्गिक शेतीच्या व्यासपीठावर हे वाक्य हमखास टाळ्या घेतं. यातला आकडा खरा, निष्कर्ष खोटा.

हवेतल्या नत्राचे अणू जोडीने, तिहेरी बंधाने जखडलेले असतात. तो बंध मोजकेच जिवाणू तोडू शकतात आणि त्यासाठी त्यांना भरपूर ऊर्जा लागते. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत ती ऊर्जा साखरेच्या रूपात पीकच पुरवतं, म्हणून तिथलं काम जोरात चालतं. ज्वारी-गव्हाला अशा गाठी नसतात. मातीतले मोकळे जिवाणू कसंबसं थोडंच नत्र बांधतात.

आता हिशेब मांडू. दहा क्विंटल ज्वारी बाजारात गेली, की तिच्या प्रथिनांतून सोळा किलोच्या आसपास नत्र शेताबाहेर गेलं. एकरी दोनशे लिटर जीवामृतातलं शेण, गोमूत्र, बेसन मिळून येतं जेमतेम पाव किलो. ‘ते खत नव्हे, विरजण आहे,’ असं उत्तर येतं. मान्य, पण विरजणाला दूध लागतं! शेणखत, पालापाचोळा नसेल तर जिवाणू जमिनीचीच शिल्लक खात बसतात.

म्हणजे युरियावाले बरोबर? मुळीच नाही. पिकाला काळोखी आली की त्यांना सगळं जिंकल्यासारखं वाटतं. 45 किलोच्या गोणीत सुमारे 21 किलो नत्र असतं खरं. पण कोरड्या-ओल्या रानावर नुसतं फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन बराच उडून जातो. उरलेल्याचं जिवाणू नायट्रेट करतात. ते मातीला चिकटून राहत नाही, जादा पाण्याबरोबर विहिरीत उतरतं. रान तुंबलं तर दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचं पुन्हा वायूत रूपांतर करतात. त्यातला नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापदायक.

एक पक्ष जाणारं नत्र मोजत नाही, दुसरा वाया जाणारं. आमचं म्हणणं साधं आहे : हरभऱ्याचा बेवड धरा, म्हणजे आधी हरभरा घेऊन मग त्या रानात दुसरं पीक घ्या, शेणखत घाला आणि उरलेली तूट युरियाने भरा, पण हप्त्याहप्त्याने, मातीआड, पीक मागेल तेव्हा. बेवड हा शब्द ज्यांनी घडवला, त्यांना रसायनशास्त्र येत नसेल. घेतलेलं जमिनीला परत द्यावं लागतं, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.