तळ त्यांचा, पाणी आपलं

बांधावरच्या आंब्याचं भांडण गावाला नवं नाही. झाड एकाच्या वावरात, फांद्या दुसऱ्याच्या. बंगालच्या उपसागरात याहून नाजूक प्रकरण आहे. तिथल्या एका पट्ट्यात समुद्राचा तळ बांगलादेशचा, तर वरचं पाणी, म्हणजे मासळी, भारताची.

हा घोळ एका निकालाने घडवला. बांगलादेशचा किनारा आत वळलेला आहे. दोन्ही किनाऱ्यांपासून समान अंतरावर रेषा ओढली, तर भारत आणि म्यानमारच्या रेषा पुढे एकमेकींकडे सरकतात आणि मधल्याचा समुद्र चिंचोळा होतो. म्हणून ७ जुलै २०१४ च्या निकालात हेगच्या लवादाने ती रेषा भारताकडे झुकवली. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४०० हून अधिक ढाक्याकडे गेले. भारताने निकाल मानला, ही साधी गोष्ट नाही. पण झुकलेली रेषा अशा जागी पोचली, जी बांगलादेशपासून २०० सागरी मैलांपलीकडे आहे आणि भारतापासून २०० मैलांच्या आत. मासळीवरचा हक्क २०० मैलांशी थांबतो, तळावरचा पुढेही जाऊ शकतो; म्हणून तोच हा दुहेरी मालकीचा ‘करडा पट्टा’. म्यानमारच्या बाजूला २०१२ च्या निकालाने असाच एक निर्माण केला होता.

२०० मैलांपलीकडच्या समुद्रबूड जमिनीवर हक्क सांगायचा, तर तळाशी साचलेल्या गाळाची जाडी दाखवणं हा एक मार्ग आहे. इथे गंगा-ब्रह्मपुत्रेने हिमालय झिजवून आणलेला गाळ मुबलक आहे, पुरावा कमी पडत नाही. अडतं ते आयोगाच्या दारात. असे दावे तपासायला सागरी कायदा कराराने नेमलेल्या या आयोगात २१ तज्ज्ञ आहेत आणि त्यांचा नियम असा, की वाद असेल तर सर्व संबंधितांच्या संमतीशिवाय दावा तपासायचाच नाही. शेजाऱ्याने हरकत घेतली की भूकरमापक साखळी गुंडाळून परत जातो, तसंच. शास्त्रज्ञांनी सार्वभौमत्वाचे निवाडे करू नयेत, हे मलाही पटतं. पण एका पत्रात फुकट स्थगिती मिळते, हेही खरं. २००९ मध्ये भारताने दावा दाखल केला, त्याच वर्षी बांगलादेशने हरकत घेतली. २०२० मध्ये बांगलादेशने सुधारित दावा दिला, पुढच्या वर्षी हरकत घेण्याची पाळी आपली होती.

करड्या पट्ट्याची व्यवस्था लवादाने दोन्ही देशांवरच सोपवली आहे. जाळी आणि तेलविहिरीची यंत्रं एकाच जागी उतरण्याआधी दिल्ली आणि ढाक्याने ही व्यवस्था कागदावर आणावी आणि आयोगाला हरकतीऐवजी संमतीचं पत्र धाडावं.