सैन्य पाठवताना संसद कुठे असते?

संपादक महोदय,

देशाच्या सैन्यदलांचे सर्वोच्च सेनापतिपद जळगाव जिल्ह्याच्या लेकीने भूषवले, याचा आम्हा खान्देशवासीयांना अभिमान आहे. १९६२ मध्ये जळगावातून पहिल्यांदा आमदार झालेल्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ राष्ट्रपती होत्या; सुखोई विमानातून त्यांनी घेतलेली भरारी अनेकांना आठवत असेल. पुढे धुळ्याचे खासदार डॉ. सुभाष भामरे २०१६ ते २०१९ संरक्षण राज्यमंत्री होते. सर्जिकल स्ट्राइक आणि बालाकोट या दोन्ही कारवाया त्याच काळातल्या. एवढा मान आपल्या जिल्ह्यांच्या पदरात पडूनही एक साधा प्रश्न आपल्याकडे चर्चेला येत नाही. सीमेपार सैन्य धाडताना सरकारला संसदेची परवानगी लागते का?

लागत नाही. घटनेच्या कलम ५३ (२) नुसार सैन्यदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, आणि त्या अधिकाराचा वापर कायद्याने नियंत्रित व्हावा, असे त्याच वाक्यात पुढे म्हटले आहे. लष्कर, नौदल, हवाई दल यांचे कायदे आहेत. पण ते शिस्तीचे, सेवेचे, कोर्ट मार्शलचे. परक्या भूमीवर बळ कधी वापरायचे, किती दिवस, कोणाच्या संमतीने, यावर त्यांत अक्षर नाही. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. म्हणजे प्रत्यक्षात पंतप्रधान आणि चार-पाच मंत्री ठरवतात.

कापसावर रुपयाचा कर बसवायचा तर कायदा लागतो. युद्धाच्या कारणाने आणीबाणी पुकारली तर ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर महिन्याभरात दोन्ही सभागृहांचे विशेष बहुमत मिळवावे लागते. ज्या युद्धामुळे ती पुकारायची, त्याला मात्र मताची गरज नाही. हा उलटा न्याय पंचाहत्तर वर्षे कोणाला खटकू नये, याचे नवल वाटते.

त्याहून बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. १८५८ च्या ज्या कायद्याने कंपनीचे राज्य राणीकडे गेले, त्याच्या कलम ५५ प्रमाणे प्रत्यक्ष आक्रमण किंवा तातडीची निकड सोडता हिंदुस्थानच्या सीमेबाहेरच्या लष्करी मोहिमांवर इथला महसूल ब्रिटिश पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय खर्च करता येत नव्हता. १८७८ मध्ये अफगाणिस्तानच्या स्वारीसाठी ती संमती रीतसर मागावी लागली. इंग्रजांना आपला कळवळा होता म्हणून हे कलम आले नाही. मंत्र्यांच्या हाती परस्पर फौज आणि परस्पर पैसा राहू नये, एवढेच त्यांच्या पार्लमेंटला हवे होते. आपल्या प्रजासत्ताकाने तेवढेही राखले नाही.

हा दोष एका पक्षाचा नाही. १९८७ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने श्रीलंकेत शांतिसेना पाठवली ती संसदेत मतदान न घेता. १९९० मध्ये ती परतेपर्यंत हजाराहून अधिक जवान गेले होते. १९९९ च्या एप्रिलमध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि कारगिलचे युद्ध काळजीवाहू सरकारने लढले. राज्यसभा शाबूत असतानाही तिचे अधिवेशन बोलावण्याची विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर सुरू झाले, १० मे ला कारवाई थांबली, आणि लोकसभेत त्यावर चर्चा सुरू झाली ती २८ जुलैला.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे गुप्तता आणि वेग. हल्ला झाल्यावर खासदारांची हजेरी घेत बसायचे का? मुळीच नाही. पण १९६२ आठवा. चीनने २० ऑक्टोबरला आक्रमण केले, वाजपेयींसारख्या विरोधकांनी अधिवेशन मागितले आणि नेहरूंनी ८ नोव्हेंबरला ते भरवले. लढाई चालू असताना पंतप्रधानांनी सभागृहात बसून टीका ऐकली. आपण हरलो ते डोंगरात, लोकसभेत नव्हे.

अमेरिकेचा १९७३ चा कायदा अठ्ठेचाळीस तासांत काँग्रेसला कळवायला आणि साठ दिवसांत मान्यता घ्यायला सांगतो. अध्यक्ष त्यालाही बगल देतात. २०११ मध्ये लिबियावर मुदत उलटूनही बॉम्ब पडत राहिले. म्हणून मला जर्मनीची पद्धत अधिक पटते. तिथे परदेशात सैन्य पाठवायला बुंडेस्टागची, म्हणजे तिथल्या संसदेची, आधी संमती लागते, तातडीच्या वेळी ती मागाहून घेता येते आणि बुंडेस्टाग सैन्य माघारीही बोलावू शकते. आपल्याकडे असा कायदा झाला तर आक्रमण परतवायला सरकार मोकळे राहावे, दहा दिवसांत अधिवेशन भरावे, आणि परभूमीवर सैन्य ठेवायचे तर मतदान व्हावे.

पैशाच्या दोऱ्या संसदेच्या हाती आहेतच, असे कोणी म्हणेल. १४ मार्च २०१८ ला लोकसभेने सर्व खात्यांच्या खर्चाच्या मागण्या चर्चेविना एका फटक्यात मंजूर केल्या, संरक्षण खात्याच्याही. त्या दोऱ्या कोण ओढते, हे त्या दिवशी दिसले.

मग असा कायदा मांडणार कोण? आपल्या खासदारांपैकी रावेरच्या रक्षा खडसे मंत्री असल्याने त्यांना अशासकीय विधेयक मांडता येत नाही. धुळ्याच्या शोभा बच्छाव आणि जळगावच्या स्मिता वाघ यांना येते. एक विरोधी बाकांवरच्या, एक सत्ताधारी. १९७० नंतर एकही अशासकीय विधेयक कायदा झालेले नाही, हे ठाऊक आहे. तरी कलम ५३ (२) खालचा असा कायदा कधी करणार, एवढा लेखी प्रश्न दोघींनी पुढच्या अधिवेशनात संरक्षणमंत्र्यांना विचारावा आणि आलेले उत्तर आपण छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)